नाशिकची शिराझ आणि काळ्या मसाल्याचं मटण, जमेल का?

मोगरा

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून पूर्ण लिहिते. आम्ही नाशिकचेच, गंगापूर रोडला राहतो, म्हणजे घरातून निघालं की अर्ध्या तासात दोन-तीन वायनरी. तरी घरी जेवणाबरोबर वाईन अशी कधी घेतली नाही, बाहेर गेलो की ग्लासभर, तीही बहुतेक पांढरीच. पुढच्या महिन्यात नवऱ्याचे कॉलेजचे मित्र सहकुटुंब पुण्याहून येतायत, आम्ही आणि दीर-जाऊ धरून बाराजण होऊ. माझ्या मनात आहे की त्या दिवशी ताटात सगळं आपल्याकडचं असावं आणि ग्लासातलंही आपल्याकडचंच. आईच्या पद्धतीचं काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, भात, कांदा-लिंबू. दोघी शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी भरली वांगी. आणि वाईन नाशिकची शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाईन.

आता अडचण. गेल्या एप्रिलमध्ये एकदा करून बघितलं होतं आणि पार फसलं. बाटली महिनाभर स्वयंपाकघरातल्या कपाटात होती, रेड वाईन फ्रीजमध्ये ठेवायची नसते, रूम टेंपरेचरलाच प्यायची असं वाचलेलं म्हणून तशीच उघडली. जेवायला तांबडा रस्सा होता, चांगला झणझणीत. पहिल्याच घोटाला तोंडात आग आग झाली, जीभ कोरडी पडली, वरून कडवट, आणि वास फक्त अल्कोहोलचा. नवरा म्हणाला आपल्या जेवणाला हे लागत नाही, आपली बिअर बरी. मला काही ते पटलेलं नाही. माझ्या मावसभावाच्या शिवारापासून चार किलोमीटरवर ही द्राक्षं पिकतात, त्याच पाण्यावर बाजरी आणि कांदा पिकतो, मग ते दोन्ही एका ताटात का बसू नये?

तर चूक नक्की कशाची होती, वाईनची, जेवणाची का माझी? शिराझच घेऊ का दुसरी कुठली? आणि वांग्याबरोबर काय द्यायचं? ज्यांनी खरंच घरी करून बघितलंय त्यांनी सांगा प्लीज.


भुईकोट

मोगरा, तुमची वाईन वाईट नव्हती, ती गरम होती. एप्रिलमध्ये नाशिकच्या स्वयंपाकघरात दुपारी ३४-३५ डिग्री सहज असतात. रूम टेंपरेचर हा शब्द युरोपातल्या दगडी थंड घरांवरून आलाय, तिथली खोली म्हणजे १६-१८ डिग्री. आपल्या खोलीच्या तापमानाला रेड वाईन प्यायली तर अल्कोहोल आधी उडून नाकात जातं, फळाचा वास त्याच्यामागे दडून बसतो आणि सगळं सैल, जळजळीत लागतं. शिराझमध्ये अल्कोहोल साधारण १३-१४ टक्के, म्हणजे हा त्रास जास्तच जाणवणार. वाढायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रीजमध्ये ठेवा. बाटलीला हात लावल्यावर गार वाटली पाहिजे पण घाम सुटलेला नको. ग्लासात ओतल्यावर ती आपोआप दोन-तीन डिग्री चढतेच, त्यामुळे थोडी जास्त गार निघाली तरी चिंता नको. आणि महिनाभर गॅसशेजारच्या कपाटात ठेवू नका, जेवणाच्या आठवड्यात आणा आणि येताना गाडीच्या डिकीत उन्हात सोडू नका.

दुसरी गोष्ट तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या नसांना चेतवतं त्याच नसांना अल्कोहोलही चेतवतं, म्हणजे झणझणीत रस्सा आणि वर वाईन हे आगीत तेल आहे. त्यात टॅनिन. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून उतरणारा तुरटपणा, जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तेच. तोंड आधीच पोळलेलं असेल तर तो तुरटपणा कडू लागतो. तांबड्या रश्श्यात मिरची भरपूर आणि तो पातळ, म्हणजे तोंडभर पसरणारा, टॅनिनला धरायला त्यात फार काही नसतं. टॅनिनला प्रथिनं आणि चरबी लागते. मांसाचा घास खाऊन घोट घेतला की टॅनिन त्या प्रथिनांना चिकटतं आणि वाईन एकदम मऊ लागते, मीठही थोडी मदत करतं.

आणि म्हणूनच तुमचा काळ्या मसाल्याचा बेत मला फार आवडला. काळ्या मसाल्याची ओळख म्हणजे भाजलेपणा, सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजलेलं, कांदा जाळावर भाजलेला, दगडफूल, लवंग, मिरे. शिराझच्या वासात मिरे असतात हे वर्णनापुरतं बोलायचं वाक्य नाही, काळ्या मिऱ्याला जो वास येतो त्याला कारण असलेलं रोटंडोन नावाचं द्रव्य या द्राक्षाच्या सालीत खरोखर असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते शोधून काढलं. एकाच द्रव्याचा वास ताटातही आणि ग्लासातही. बॅरलमध्ये मुरवलेली असेल तर ओकच्या लाकडाचा भाजका, किंचित व्हॅनिलासारखा वास येतो, तो भाजलेल्या खोबऱ्याशी जातो. तेव्हा शिराझच घ्या, फक्त गार करा आणि मटणातली लाल मिरची निम्म्यावर आणा.


पारिजातक

भुईकोट, एक शंका. शिराझ म्हणजे इराणमधल्या शिराझ शहरातलं द्राक्ष ना? तिथून कुणीतरी फ्रान्सला नेलं असं ऐकलं होतं.


भुईकोट

ती कथा खूप चालते पण खरी नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात डीएनए तपासणी झाली, त्यात हिचे आईबाप सापडले, दुरेझा आणि माँद्यूझ ब्लाँश, दोन्ही आग्नेय फ्रान्समधल्या जुन्या, फारशा नावारूपाला न आलेल्या जाती. म्हणजे हिचं माहेर ऱ्होन नदीचं खोरं आणि आजूबाजूचा डोंगराळ भाग. तिथे तिला सिरा म्हणतात. जेम्स बझ्बी नावाच्या माणसाने १८३२ मध्ये युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियाला नेल्या, त्यात हीपण होती, आणि तिकडे शिराझ हे नाव रुळलं. आपल्याकडे बाटलीवर बहुतेक शिराझच लिहिलेलं असतं, कुठे सिरा दिसलं तर दोन्ही एकच.


दिंडोरीचा बागाईतदार

मोगराताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी दिंडोरी तालुक्यातला, घरची बाग आजोबांपासून, त्यात २००४ पासून दोन एकर वाईनची द्राक्षं, त्यातली एक एकर शिराझ. प्यायच्या बाबतीत वरचे भाऊ जास्त जाणतात, मी बागेतलं सांगतो.

लोकांना वाटतं द्राक्ष म्हणजे द्राक्ष. खायच्या थॉमसनला आपण जीए मध्ये, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात, घड बुडवतो, विरळणी करतो, मणी लांब, फुगीर आणि साल पातळ पाहिजे, बी नकोच. वाईनच्या द्राक्षात सगळं उलटं. मणी वाटाण्याएवढा, आत बी, साल जाड, घड गच्च. पहिल्या वर्षी माझा बाप बांधावर उभा राहून म्हणाला हे काय लावलंस, हे तर पाखरंपण खाणार नाहीत. पण रंग, वास आणि तो तुरटपणा सगळा सालीतच असतो. मणी जेवढा लहान तेवढी रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून आम्ही पाणीसुद्धा हात आखडूनच देतो. मी एकरी चार-पाच टनाच्या वर माल ठेवत नाही, घड जास्त झाले की काढून टाकतो. खायच्या द्राक्षावाल्याला हे बघवत नाही.

आपल्याकडे वेल कधी झोपत नाही. युरोपात बर्फ पडतं, वेल आपोआप थांबते, आपल्याला कात्रीने थांबवावं लागतं. एप्रिलला खरड छाटणी, ती काडी तयार करायला. सप्टेंबरच्या शेवटी गोडी छाटणी, ती फळासाठी. तिथून दिवस मोजायचे. जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, मणी हिरव्याचे लाल, लालाचे निळे-काळे होत जातात, त्या आठ-दहा दिवसांत बाग बघायला या, मला वर्षातले तेच दिवस सगळ्यात आवडतात. तेव्हा दिवसा ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, आमच्या शेजारच्या निफाडला तर पारा पाच अंशाच्या खाली गेलेला आहे. ही थंडी रंगाला चांगली आणि आंबटपणा पण टिकवून धरते. पण पुढे मार्च लागला की ऊन वाढतं, गोडी झपाट्याने चढते आणि आंबटपणा तेवढ्याच झपाट्याने उतरतो. तिकडे फळ पिकताना हवा गार होत जाते, आपल्याकडे तापत जाते, हा मोठा फरक आहे. म्हणून आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी रोज ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघतो, तेवीस-चोवीसला आला की थांबायचं नाही. तोडणी पहाटे करतो, टॉर्च डोक्याला लावून, नऊच्या आत क्रेट वायनरीत गेले पाहिजेत, उन्हात माल तापला की क्रेटमध्येच रस सुटायला लागतो.

तुमच्या बाटलीत जो गोडसर, पिकलेल्या जांभळासारखा वास असतो तो या उन्हाचा. तो आपल्या भागाचा गुण आहे, फ्रान्ससारखी लागत नाही म्हणून कुणी नावं ठेवली तर मला वाईट वाटतं. ती इथली आहे म्हणून इथल्यासारखी लागते.

एक सांगायचं राहिलं. २००८-०९ नंतर मंदी आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी वायनरीने माल उचलला नाही, कराराचा कागद हातात आणि घड वेलीवर. आमच्याच वस्तीवरच्या चार जणांनी वाईनच्या बागा तोडून परत थॉमसन लावली. मी शिराझ ठेवली कारण या जातीला आमची मुरमाड जमीन मानवली होती. दरवर्षी केवडा-भुरी या रोगांवर फवारणी, अवकाळीची धास्ती, गारा पडल्या तर संपलंच, हे सगळं करून जो माल जातो तो पुढे कुणाच्या ताटाशेजारी जातो हे आम्हाला कधी कळत नाही. तुमच्या बेतामुळे कळलं. मटण कसं झालं ते नक्की लिहा.


नीरेकाठी

मी थोडं वेगळं मत मांडतो. शिराझला विरोध नाही, पण फक्त नाशिकपुरतं बघू नका. आमच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली वायनरी आहे, मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे भाऊ असे मिळून काढलेली, नावाचा अर्थच भाऊ. तिथे सँजोवेसे होतं, इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष. त्यांची सेट्टे म्हणून जी आहे ती सँजोवेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों मिळून केलेली. माझा मुद्दा असा की आपल्या जेवणात आंबट खूप असतं, टोमॅटो, चिंच, कोकम, शेवटी लिंबू पिळतो ते वेगळंच. जेवण वाईनपेक्षा आंबट झालं की वाईन बसकी, पाणचट लागते. सँजोवेसेत आंबटपणा मुळातच जास्त, इटलीत ती टोमॅटोच्या सॉसबरोबर शतकानुशतकं जाते ती त्याचमुळे. खिमा असेल, टोमॅटोचा रस्सा असेल, तर मी तीच घेईन. मटणात तुम्ही टोमॅटो घालता का त्यावर ठरवा. आईच्या पद्धतीत नसेल तर शिराझ बरोबर आहे, असेल तर दोन बाटल्या त्या आणि दोन या असं करून बघा, पाहुण्यांनाही फरक कळेल आणि गप्पांना विषय होईल.

आणि कांद्यावर लिंबू पिळून ठेवू नका, बाजूला फोडी ठेवा. छोटी गोष्ट वाटते पण लिंबाचा घास आणि लगेच रेड वाईनचा घोट फार वाईट लागतो.


चुलीवरचं

मोगरा, मी स्वयंपाकाच्या बाजूने लिहिते. वरती सगळे मिरची कमी करा म्हणतायत, बरोबर आहे, पण नुसती मिरची कमी केली तर मटण मिळमिळीत होईल आणि तुम्हाला वाटेल वाईनपायी जेवण बिघडलं. झणझणीतपणा काढायचा तर त्याची जागा कशाने तरी भरायला हवी. मी असं करते. लाल तिखट निम्मं, त्यातही रंगाची बेडगी जास्त आणि तिखट लवंगी नाहीच. मिरे मात्र वाढवायचे, दोन किलोला चमचाभर अख्खे मिरे खोबऱ्याबरोबरच भाजून वाटायचे. मिऱ्याचं तिखट घशात मागे लागतं, लाल मिरचीसारखं जिभेवर बसून राहत नाही. खोबरं भाजताना मन घट्ट करा, तांबूस झालं की बहुतेकजण गॅस बंद करतात, त्याला अजून पुढे जाऊ द्यायचं, कॉफीच्या रंगावर. जळू मात्र द्यायचं नाही, जळकं कडू वाईनच्या तुरटपणात मिसळलं की सुधारायला जागा नाही.

आणि रस्सा पातळ नको, अंगाबरोबर दाट करा. मटण खांद्याचं आणि थोडं चरबीचं घ्या, नुसतं मऊ बिनचरबीचं मांस या बेताला नको. नळीची हाडं पण टाका म्हणजे रस चिकट होतो. भाकरीवर तूप नको, लोणी द्या.

वांग्याचं. भरल्या वांग्यात आपण गोडा मसाला, चिंच आणि गूळ घालतो, तिथे घोळ होतो. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन आंबट-कडू लागते. त्या दिवशी गूळ-चिंच वगळा आणि वांगी पण काळ्या मसाल्यातच भरा, दाण्याचा कूट आणि तीळ जास्त, तेल सुटेपर्यंत मंद आचेवर. दाणे-तिळातलं तेल तिथे मटणाच्या चरबीचं काम करतं. नाहीतर अख्खा मसूर करा, लसूण आणि काळा मसाला घालून घट्टसर, मसुराचा मातकट स्वाद रेड वाईनशी चांगला जमतो. पनीर नको, त्याला स्वतःची चव कमी आणि ग्रेव्ही बहुतेक गोडसर होते.


पारिजातक

सुरुवातीला तळलेले बोंबील ठेवले तर? आमच्याकडे पाहुणे आले की तेच असतं.


नीरेकाठी

बोंबील ठेवा पण त्याबरोबर रेड नको. रेड वाईनमधलं लोह आणि माशातली चरबी एकत्र आली की तोंडात नाणं चोखल्यासारखी चव येते, मासाही शिळा वाटायला लागतो. तिथे नाशिकचीच चेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन द्या, चांगली गार. तिच्यात किंचित गोडवा असला तर तिखट रवा लावलेल्या माशाला उलट बरं पडतं.


मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. बागाईतदार दादा, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला वाचून दाखवलं, पहाटे टॉर्च लावून तोडणी हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि तो नाशिकातच जन्मलाय.

पाहुण्यांवर थेट प्रयोग नको म्हणून या रविवारी चौघांसाठी अर्धा किलो मटण करून बघितलं. चुलीवरचं यांनी सांगितलं तसंच, बेडगी, मिरे जास्त, खोबरं कॉफीच्या रंगावर. टोमॅटो आईच्या पद्धतीत नसतोच. बाटली पाऊण तास फ्रीजमध्ये. मुद्दाम एक ग्लास आधीच ओतून ओट्यावर ठेवला होता, म्हणजे तो खोलीइतका गरम होईल. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून चाखले आणि मला खरंच विश्वास बसेना की बाटली एकच आहे. ओट्यावरचा ग्लास म्हणजे आमचा एप्रिल परत आला. गार ग्लासात आधी जांभूळ, मग काहीतरी धुरकट, आणि गिळल्यावर मागे मिरे. जाऊबाईंना पण मिरे लगेच कळले. नवऱ्याला मात्र काही केल्या कळेना, त्याला फळच लागत होतं, तो म्हणाला तुम्ही ठरवून सांगताय. असं होऊ शकतं का?

मटणाचा घास आणि घोट, हे जमलं. जीभ आखडली नाही. भाताबरोबर मात्र तेवढं लागलं नाही, भाकरीबरोबरच छान. वांग्याचं अजून जमलेलं नाही, गूळ घातला नव्हता पण सवयीने चिंच पडली आणि वाईन एकदम फिकी झाली.

अजून एक, बारा जणांना किती बाटल्या? आठजण पिणारे धरा.


भुईकोट

तुमचे यजमान खोटं बोलत नाहीयेत. ते रोटंडोन साधारण पाचातल्या एका माणसाला अजिबात जाणवत नाही, कितीही असलं तरी. नाकाची रचनाच तशी. त्यांना मटणातल्या मिऱ्याचं तिखट कळेल, पण वाईनमधला मिऱ्याचा वास त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. त्यांना फळाची वाईन प्यायला मिळतेय असं समजा, ती पण वाईट नाही.

बाटली ७५० मिलीची, १५० मिलीचे पाच ग्लास होतात. आठजण, जेवणभर दोन-दोन ग्लास धरले तर तीन बाटल्यांपेक्षा थोडं जास्त, चार आणा. सगळ्या एकदम बाहेर काढू नका, दोन टेबलावर आणि दोन फ्रीजच्या दारात, संपत येईल तशी काढा. परत गाडी चालवणारे कोण ते आधीच ठरवून ठेवा. आणि उघडल्यावर लगेच ओतू नका, पंधरा-वीस मिनिटं हवा लागू द्या, त्या वेळात बोंबील संपतील.

बॅरलची घ्यायची असेल तर सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ओकमध्ये मुरवलेली असते, दुकानात सहज मिळते. तुमच्या गंगापूरला यॉर्क वायनरी आहे, जाऊन दोन-तीन शिराझ चाखूनच ठरवा ना, तुम्हाला अर्ध्या तासाचं अंतर आहे, मला साताऱ्याहून यावं लागतं. सगळ्यात महाग तीच चांगली असं धरू नका. या बेताला फार जड, खूप लाकडाची नको, भाजलेपण आधीच ताटात आहे.


दिंडोरीचा बागाईतदार

ताई, वर्षपण बघून घ्या. बाटलीवर जे साल असतं ते तोडणीचं. साधी शिराझ असेल तर दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या, आपल्याकडची हलकी रेड दुकानाच्या शेल्फवर वर्षानुवर्षं चांगली राहत नाही, त्यात दुकानाला एसी नसेल तर विचारूच नका. काचेत उन्हात मांडलेली बाटली उचलू नका, मागून काढून द्या म्हणा.

मिऱ्याचं वाचून मी काल घरी बायकोला ग्लास दिला, तिने कधी घेतली नव्हती, नुसता वास घे म्हटलं. ती म्हणाली काळ्या मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखं येतंय. वीस वर्षं ही बाग करतोय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.


चुलीवरचं

चिंच पडली म्हणजे हात सवयीने गेला, होतं असं. पुढच्या वेळी वांगी आधी निखाऱ्यावर किंवा गॅसवर सालीसकट थोडी भाजून घ्या आणि मग भरा, भाजका वास आला की आंबटाची आठवण होत नाही.


मोगरा

झालं काल जेवण. थोडक्यात सांगते कारण अजून भांडी व्हायचीत. रेडच्या चार बाटल्या आणल्या, तीन शिराझ आणि नीरेकाठींचं ऐकून एक सँजोवेसे-कॅबर्नेवाली. बोंबलाबरोबर चेनिन दिली, ती सगळ्यात आधी संपली. मटणावर शिराझ, आणि पुण्याचे एकजण जे व्हिस्कीशिवाय काही घेत नाहीत त्यांनी दुसरा ग्लास मागून घेतला. सँजोवेसेवाली अंगात हलकी, जास्त आंबटसर, मटणाबरोबर मला शिराझपेक्षा कमी आवडली, पण दोघी शाकाहारी मैत्रिणींनी अख्ख्या मसुराबरोबर तीच उचलली, मसुरात थोडा टोमॅटो होता म्हणून असेल. वांगी भाजून भरली, या वेळी चिंचेचा डबाच बाहेर काढला नाही, जमली. वाढताना मी बागाईतदार दादांच्या बागेचं सांगितलं, गोडी छाटणी म्हणजे काय हे विचारत बसले सगळे, भाकऱ्या गार व्हायची वेळ आली.

शिराझची अर्धी बाटली उरली होती, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवली. आज सकाळी उशिरा उठलो, अकरा वाजता थालीपीठं लावली, भाजणीची, वर लोण्याचा गोळा. दुपारी उरलेलं एक थालीपीठ आणि तळाशी राहिलेली शिराझ घेऊन मी आणि जाऊबाई गॅलरीत बसलो. भाजणीतले भाजलेले धणे, कडेचा खरपूस भाग, लोणी आणि ती वाईन. कालच्या सगळ्या बेतापेक्षा हे जास्त जुळलं, खरं सांगते. कुणी करून बघणार असेल तर थालीपीठात हिरवी मिरची घालू नका, कांदा भरपूर घाला आणि लोणी पातळ व्हायच्या आत पहिला घास घ्या.